मॉरिशसच्या दप्तरातील मराठी पूर्वज

मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपण्याच्या तोंडावर, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, कलकत्त्याहून आलेल्या ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले आणि पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारबद्ध मजूर म्हणून, म्हणजे ठरावीक मुदत उसाच्या मळ्यावर राबण्याचा करार करून, त्या बेटावर पोहोचली. बहुतेकजण कलकत्ता आणि मद्रास येथून गेले. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा लहान असला, तरी मॉरिशसच्या मराठी समाजाची मुळे प्रामुख्याने त्यातच शोधावी लागतात.

या शोधाचे मुख्य साधन मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आगमन-नोंदवह्या हे आहे. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरील खूण, जहाज आणि वाट्याला आलेला मळा अशी माहिती त्यांत आढळते, आणि 1860च्या दशकापासून छायाचित्रांचीही भर पडते. हा तपशील घराण्याचा इतिहास राहावा म्हणून नव्हे, तर पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून टिपलेला होता, हे संशोधकाने विसरू नये. प्रत्येकाला दिलेला आगमन-क्रमांक पुढील सरकारी कागदांतही त्याचा पाठलाग करीत असल्यामुळे वंशजांनी आधी नाव नव्हे, तर आजोबा-पणजोबांच्या विवाह वा जन्म-दाखल्यावरील हा क्रमांक शोधणे श्रेयस्कर ठरते. नावाचा भरवसा कमीच, कारण मराठी उच्चार परक्या कारकुनाच्या कानाने रोमन लिपीत उतरत असे आणि मूळ आडनाव बहुधा लिहिलेच जात नसल्याने मजुराचे वा त्याच्या बापाचे पाळण्यातले नावच पुढे कुटुंबाचे आडनाव बनत असे. बाबाजी, भिवाजी ही तेथील आडनावे त्याच रीतीची दिसतात.

जनगणनेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. 1861च्या गणनेनुसार बेटावरील निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते, 1983च्या गणनेत पूर्वजांची भाषा विचारली गेली, आणि अशा छापील कोष्टकांवरून एखाद्या समूहाचा आकार कळतो, माणूस सापडत नाही. भारतातील गणनेची घरोघरची जुनी पत्रकेही जपलेली नसल्यामुळे गावाकडचा दुवा जमिनीच्या कागदांत किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत शोधावा लागतो. यात्रेचा खर्च न झेपणाऱ्या कुणब्याचे नाव तेथे मिळेलच असे नाही.

गावाचे नाव लागले तरी पेच सुटत नाही, कारण नांदगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत आणि जिल्हा-तालुक्याची नोंद नसेल, तर त्यांतून एक निवडणे हा निव्वळ तर्क ठरतो. शिवाय सुमारे तिसरा हिस्सा मजूर मायदेशी परतले आणि त्यांतील काही पुन्हा जहाजावर चढले. अशा माणसाला दुसऱ्या खेपेस नवा क्रमांक मिळालेला असू शकतो. म्हणून एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की त्यांना लगेच दोन माणसे समजू नये, बापाचे नाव, उंची आणि अंगावरील खूण ताडून पाहावी.