ठिपक्यांच्या रांगोळीतले वजन

वजन हा आपल्या घराघरांतला जिव्हाळ्याचा विषय आहे. बाळ जन्मले की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी आणि दुसरा, वजन किती. पुढे वाण्याच्या तागडीपासून डॉक्टरांच्या खोलीतल्या काट्यापर्यंत हा विषय आपली पाठ सोडत नाही. ते वाढते कशाने आणि उतरते कशाने, याबद्दल प्रत्येकाजवळ स्वतंत्र मत असते. पण वजन मुळात येते कुठून, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. हा प्रश्न वर्गात टाकला की मुले ठरावीक पायऱ्या उतरत जात. शरीर पेशींचे, पेशी रेणूंच्या, रेणू अणूंचे. अणूचे जवळजवळ सगळे वजन त्याच्या केंद्रात, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या कणांत. आणि प्रोटॉन कशाचा? तर तीन क्वार्कांचा. झाला हिशेब पुरा!

पण हिशेब बिघडतो तो नेमका याच पायरीवर. मूलकणांचे वस्तुमान 'एमईव्ही' नावाच्या एककात मोजतात. प्रोटॉनचे वस्तुमान भरते ९३८. त्याच्यात दोन 'अप' क्वार्क असतात, प्रत्येकी दोनाच्या थोडे वर, आणि एक 'डाउन' क्वार्क, पाचाच्या थोडा खाली. बेरीज होते जेमतेम ९. नऊ रुपयांचा माल आणि ९३८ रुपयांचे बिल! वाण्याने असे बिल हातात ठेवले तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. निसर्गाने मात्र हेच बिल प्रत्येकाच्या नावावर फाडले आहे. साठ किलोच्या माणसात क्वार्कांचा स्वतःचा वाटा सहाशे ग्रॅमच्या आसपास. मग उरलेले एकोणसाठ किलो कुणाचे?

याचे तोंडी उत्तर सोपे आहे. वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच नाण्याची दोन रूपे, हे आइनस्टाइनने १९०५ सालीच सांगून ठेवले. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क अखंड धावपळ करत असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे बल ऊर्जेने खदखदत असते. ती ऊर्जा आपल्याला वजन म्हणून जाणवते. पण असे म्हणणे वेगळे आणि ९३८ हा आकडा गणिताने काढून दाखवणे वेगळे. त्यासाठी शास्त्रज्ञांना तीन तपांहून अधिक काळ खपावे लागले. ती हकीकत मोठी रंजक आहे.

क्वार्कांची कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी एकमेकांना नकळत मांडली. १९६८ पासून अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील प्रयोगांत वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले गेले, तेव्हा आत काहीतरी टणक, बिंदूसारखे आहे याचा पुरावा मिळू लागला. पण प्रोटॉन फोडून सुटा क्वार्क बाहेर काढणे आजतागायत कुणालाही जमलेले नाही.

का जमत नाही? क्वार्कांना धरून ठेवणारे बल खुंट्याला बांधलेल्या गाईच्या दाव्यासारखे वागते. खुंट्याजवळ गाय मोकळी असते. दूर जाऊ लागली की दावे ताणले जाते. क्वार्क जवळजवळ असताना जणू स्वतंत्र असतात, हे डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पॉलित्झर यांनी १९७३ साली दाखवले; त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दूर ओढू म्हटले तर मात्र सुमारे पंधरा टन वजनाएवढी ओढ आडवी येते, आणि तीही एका कणाच्या पोटातल्या दोन कणांमध्ये! जास्त जोर लावला तर दावे तुटते, पण तुटलेल्या टोकांवर त्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क जन्म घेतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी सुटा उत्तर ध्रुव हाती लागत नाही, तशातली ही गत.

या बलाची समीकरणे १९७३ पर्यंत कागदावर आली होती. अडचण होती ती सोडवण्याची. विजेच्या बाबतीत दोन भारांमध्ये मध्यस्थी करतो तो फोटॉन, आणि तो बिचारा स्वतः भाररहित असतो. क्वार्कांमधले मध्यस्थ म्हणजे ग्लुऑन. ते नुसते निरोप पोचवून थांबत नाहीत, तर आपसांतही झोंबतात. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थांचेच जुंपले तर मूळ दोन्ही घरांचे काय व्हायचे ते सांगायला नको. इथेही तसेच झाले. कागद-पेन्सिलीने थोडे थोडे करत उत्तराकडे सरकण्याची नेहमीची रीत प्रोटॉनच्या बाबतीत कुचकामी ठरली.

वाट काढली ती कॉर्नेल विद्यापीठातील केनेथ विल्सन यांनी. १९७४ साली त्यांनी सुचवलेली युक्ती आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायची गरज नाही. ती आहे ठिपक्यांची रांगोळी! अखंड अवकाशाचा हिशेब जमत नाही ना? मग समान अंतरावर ठिपके मांडा. क्वार्क ठिपक्यांवर बसतील आणि ग्लुऑन दोन ठिपके जोडणाऱ्या रेघांवर. फरक इतकाच, की ही रांगोळी लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार दिशांनी पसरते. शास्त्रज्ञ तिला जालक म्हणतात. खरे अवकाश काही ठिपक्यांचे नाही. ती आपली सोय. म्हणून तेच गणित अधिकाधिक दाट ठिपक्यांवर पुन्हा करायचे आणि ठिपके अगदी भिडले तर उत्तर काय येईल याचा अंदाज बांधायचा. रेघा पुऱ्या होऊन रंग भरले की ठिपके दिसेनासे होतात, तसेच.

आता या रांगोळीचा आकार पाहा. प्रत्येक दिशेला दहाच ठिपके मांडले तरी एकूण होतात दहा हजार, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा चाळीस हजार. समजा, प्रत्येक रेघेला दोनच रंग देता येतात. तरीही वेगवेगळ्या रांगोळ्यांची संख्या लिहायला बारा हजारांहून जास्त आकडे लागतील. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर ती संख्या ऐंशी-एक्याऐंशी आकड्यांत आटोपते! सगळ्या रांगोळ्या तपासणे ब्रह्मदेवालाही अशक्य.

इथे दुसरी एक घरगुती युक्ती कामाला आली. शितावरून भाताची परीक्षा. सगळ्या रांगोळ्या न पाहता निवडक काही शे किंवा काही हजार पाहायच्या. पण त्या निवडायच्या अशा, की ज्यांचे महत्त्व जास्त त्या जास्त वेळा हाती याव्यात. जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावावरून या रीतीला मोंते कार्लो असे नाव पडले. ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील मायकेल क्रॉइट्झ यांनी १९८० च्या सुमारास ती विल्सन यांच्या जालकावर चालवली आणि क्वार्क कोंडून का राहतात याचे चित्र संगणकातून उमटू लागले. स्वयंपाकघरातला नियम इथेही लागू पडतो. शिते एकाच जागेची घेतली तर वरचा भात शिजलेला आणि तळाचा कच्चा राहिल्याचे कळणार नाही. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे 'इतके कमी-जास्त असू शकेल' ही टीप जोडावीच लागते.

पुढची वाट सोपी नव्हती. ठिपक्यांतले अंतर निम्मे केले की ठिपके सोळापट होतात. खरेखुरे हलके क्वार्क घेतले की संगणकाची दमछाक होते. म्हणून सुरुवातीची कित्येक वर्षे दोन तडजोडी चालल्या. क्वार्क खऱ्यापेक्षा जड घ्यायचे, आणि पोकळीत क्षणोक्षणी जन्मून विरणाऱ्या क्वार्कांच्या जोड्या हिशेबातून वगळायच्या. उत्तरे यायची, पण काही ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत चुकायची. १९८९ साली इटलीतल्या कॅप्री बेटावरच्या परिषदेत खुद्द विल्सन यांनीच बजावले, की प्रयोगाशी खांद्याला खांदा लावायचा तर संगणकांची ताकद दहा कोटी पटींनी वाढावी लागेल आणि गणिताच्या रीतीही सुधाराव्या लागतील. जनकाचेच हे बोल! पण मंडळी हटली नाहीत. इटली, जपान आणि अमेरिकेत तर केवळ या गणितासाठी स्वतंत्र संगणक बांधले गेले.

अखेर २००८ च्या नोव्हेंबरात तो दिवस उजाडला. बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपरटाल येथील शास्त्रज्ञांच्या गटाने जर्मनीतल्या युलिश येथील महासंगणकाच्या मदतीने कोणतीही मोठी तडजोड न करता हिशेब पुरा केला. प्रयोगातून उसने घेतले ते तीनच कणांचे वस्तुमान. बाकीचे सगळे समीकरणांतून आले. प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी उत्तर निघाले ९३६. प्रयोगातला आकडा ९३९ आणि गणितातली अनिश्चितता सुमारे चार टक्क्यांच्या आत. नऊ रुपयांच्या मालाच्या बिलातली प्रत्येक ओळ पहिल्यांदा वाचता आली. विल्सन तेव्हा हयात होते. २०१३ साली ते गेले.

चार टक्के म्हणजे फार नव्हे, असे कुणी म्हणेल. पण याच गटाने २०१५ साली त्याहून नाजूक गोष्ट हाती घेतली. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड आहे, हजारात दीड भागाहूनही कमी. या एवढ्याशा फरकावर आपला सगळा संसार उभा आहे. प्रोटॉनवर विद्युतभार असल्याने तो जड व्हायला हवा. न्यूट्रॉनमध्ये डाउन क्वार्क दोन, म्हणून तो जड व्हायला हवा. या रस्सीखेचीत न्यूट्रॉन थोडक्यात जिंकतो. प्रयोगात हा फरक १.२९ आहे, गणिताने दिला १.५१, आणि त्यातली अनिश्चितता ०.२८. हाच फरक निम्म्याहून बराच खाली, ०.५१ च्याही खाली असता तर हायड्रोजनचा अणू आपला इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होऊन बसला असता. मग ना पाणी, ना आजच्यासारखा सूर्य, ना रविवारची पुरवणी.

मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. या रांगोळ्या मुंबईतही काढल्या जातात. कुलाब्याच्या समुद्रकाठी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये, या विषयाची मोठी परंपरा आहे. प्रोटॉन अतिशय तापवले तर विरघळून क्वार्क मोकळे होतात. विश्वाच्या जन्मानंतर काही मायक्रोसेकंद अशीच स्थिती होती. हे किती अंशांना घडते? २०११ साली तिथल्या सौरेंदू गुप्ता यांनी कोलकात्याचे बेदांगदास मोहंती आणि परदेशी सहकाऱ्यांसह जालकावरचे गणित आणि ब्रुकहेवनचे प्रयोग ताडून पाहिले. उत्तर आले सुमारे दोन लाख कोटी अंश. २०१७ साली जिनिव्हाजवळच्या प्रयोगात पाच नवे 'ओमेगा-सी' कण दिसले, तेव्हा टीआयएफआरचे नीलमणी माथुर यांनी एम. पद्मनाथ यांच्यासह जालकावरील गणितातून त्यांची ओळख पटवायला मदत केली.

या गणिताचा शब्द आता किती वजनदार झाला आहे, याचा प्रत्यय म्यूऑन नावाच्या कणाच्या निमित्ताने आला. त्याच्या चुंबकत्वाचे फर्मीलॅबमधले मोजमाप ७ एप्रिल २०२१ रोजी जाहीर झाले आणि ते तेव्हाच्या मान्य सैद्धांतिक आकड्याशी जुळले नाही. एखादे अज्ञात बल सापडणार, अशी आशा जगभर पालवली. त्याच दिवशी आपल्या ओळखीच्या गटाचे जालकावरचे उत्तर प्रसिद्ध झाले. ते मोजमापाच्या बरेच जवळ होते! खरे कोणाचे? इतर गटांनी स्वतंत्रपणे हिशेब केले. त्यांतल्या काहींनी आपले आकडे एका गुप्त संख्येने गुणून झाकून ठेवले, म्हणजे मनाजोगते उत्तर यावे असा मोह नको. २०२५ च्या मे महिन्यात सिद्धान्तवाल्यांनी जालकाचाच आकडा स्वीकारला, जूनमध्ये फर्मीलॅबचे अंतिम मोजमाप आले, आणि दोहोंतली तफावत जवळपास नाहीशी झाली. जुना आकडा ज्या प्रयोगांवर आधारला होता, त्यांचे आपसांतले मतभेद अजून मिटलेले नाहीत. नव्या बलाची आशा मावळली याची हुरहूर अनेकांना लागली असेल, पण हवे ते ऐकवणारे गणित काय कामाचे?

सगळेच साधले आहे असेही नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातल्यासारखे अतिशय घट्ट द्रव्य घेतले की शितावरून भाताची परीक्षा फसते. काही शितांना उणे महत्त्व मिळू लागते आणि बेरजेत सगळेच एकमेकांना खोडून काढते. या कोड्याला वळसा घालण्याच्या ज्या वाटा शोधल्या गेल्या, त्यांत राजीव गवई आणि गुप्ता या टीआयएफआरच्या जोडीचाही वाटा आहे. पण रस्ता अजून मोकळा झालेला नाही.

'जे कधी सुटे दिसणार नाही, ते खरे कशावरून मानायचे?' असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारी. अशा मुलाला मी आज २००८ आणि २०१५ चे हे आकडे दाखवीन, आणि त्यांच्यापुढे लिहिलेली 'इतके कमी-जास्त' ही टीपही. क्वार्क पाहिला असा दावा त्यात कुठेच नाही. हिशेब मात्र उघडा मांडलेला आहे, चूक किती असू शकेल हेही लिहिलेले आहे, आणि ज्याला शंका असेल त्याने आपले ठिपके मांडून पुन्हा मोजावे, एवढे आवाहन आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांचे कोडे अजून शिल्लक आहे. ते सोडवणारी मुलगी कदाचित आजच कुठल्यातरी अंगणात ठिपके मांडत बसली असेल.