रायफल घेताय? आधी छर्रे तपासा

लोणावळा-मावळातल्या नवख्या नेमबाजाला जवळची मोठी रेंज बालेवाडीची. नेमबाज स्वप्निल कुसळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते 50 मीटरवर. पण त्या पल्ल्याच्या पॉइंट टू-टू रायफलला शस्त्र परवाना लागतो आणि गोळ्यांचा खर्च वेगळाच. त्यामुळे सुरुवात 10 मीटरच्या एअर रायफलने करावी. तिथे दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो!

बजेट तुटपुंजं असेल तर नव्या स्वस्त रायफलपेक्षा जुनी, नीट राखलेली मॅच रायफल बरी, असं आमचं मत. घेताना रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा; मुदत संपलेला सिलिंडर फुकटही नको. मग रायफल टेकूवर ठेवून एकाच कागदावर पाच छर्रे मारा. भोकं एकमेकांत मिसळली तर नळी चांगली. विखुरली तर लगेच नाकारू नका, दुसऱ्या मापाचे छर्रे घालून पाहा. 4.49 आणि 4.50 मिलिमीटर, एवढ्याशा फरकानेही भोकांचा गट बदलतो. दुर्बिणीवर पैसे घालवू नका, 10 मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही.

आणि लोणावळ्याच्या पावसात रायफल पेटीत बंद ठेवू नका. फोम ओल धरतो, नळी गंजते.