धुऊनही न सुटणारी पकड

2023 च्या सुरुवातीला ‘रिअ‍ॅक्ट’ चाचणीचा निकाल आला आणि क्लॅझोसेंटान पुन्हा नापास झालं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. मला मात्र तो निकाल लागला. ज्या एंडोथेलिनला अडवायला हे औषध बनवलं, त्याच्या शोधाला त्याच वर्षी 35 वर्षं झाली, आणि त्यातलं पहिलं दशक मी फार्माकॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या धमन्यांच्या नादात घालवलं आहे.

आधीचा इतिहास उरकून टाकते. मेंदूच्या धमनीला आलेला फुगा फुटतो, कवटीच्या आत रक्त पसरतं. पहिल्या तडाख्यातून वाचलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे कधीही ढासळू शकतो, कारण सांडलेल्या रक्तात भिजलेल्या धमन्या आकसू लागतात. हे आकसणं 1951 मध्ये एकर आणि रीमेनश्नायडर यांनी अँजिओग्रामवर दाखवलं. त्यानंतरची तीसेक वर्षं मला तरी कंटाळवाणी वाटतात. रक्तातलं जे रसायन हाती लागेल त्याच्यावर आळ घ्यायचा आणि ते उतरवणारं औषध देऊन बघायचं, एवढंच चाललं होतं. पुढे ‘ट्रिपल एच’ची लाट आली. रक्तदाब चढवा, सलाइन ओता, रक्त पातळ करा. हृदय नि फुप्फुसं पाण्याखाली गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्या लाटेबद्दल अजूनही माझ्या मनात प्रेम नाही.

मग 1988 उजाडलं. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा नावाच्या तरुण संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींतून 21 अमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा केला, तोच एंडोथेलिन. धमनी आकसवणारे जे नैसर्गिक रेणू तोवर माहीत होते, त्यांत तो सर्वांत जोरकस निघाला. गंमत म्हणजे एका विषारी सापाच्या विषातला सॅराफोटॉक्सिन जवळजवळ त्याचाच भाऊ. 1990 च्या डिसेंबरात तो पेशीवर जिथे चिकटतो ते दोन्ही रिसेप्टर, ए आणि बी, एकाच ‘नेचर’च्या अंकात उलगडले गेले, तेही दोन वेगवेगळ्या जपानी गटांकडून.

आम्ही इथे बकऱ्याच्या मेंदूवर काम करायचो. सकाळी कत्तलखान्यात जायचं आणि बर्फाच्या थर्मासमधून मेंदू आणायचा. तिथला खाटीक रोज विचारायचा, “मॅडम, नुसत्या नसाच काढणार ना? मग भेजा परत देता काय?” बकऱ्याच्या मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचं जाळं असतं, माणसाला ते नसतं. त्याच्या पुढची मधली धमनी मात्र कामाची. तिचं दोन-तीन मिलिमीटरचं कडं कापायचं, दोन बारीक तारांवर ओवायचं आणि ऑर्गन बाथमध्ये 37 अंशांच्या क्रेब्ज द्रावणात लटकवायचं. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. आमचे प्रयोगशाळेतले मामा त्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगायचे, “मॅडम, सिलिंडर संपत आलाय.” आधी पोटॅशियम घालून टिश्यू जिवंत आहे का ते बघायचं. सिरोटोनिन घातलं की रेघ चढायची, धुतलं की उतरायची. एंडोथेलिनची तऱ्हाच वेगळी. रेघ सावकाश चढायची आणि मग धुवा, पुन्हा धुवा, तासभर धुवा, कडं सैल पडायचं नाही. ही पकड मी कागदावर उमटताना पाहिली, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

यामागचं यंत्र तसं सरळ. ए रिसेप्टर धमनीच्या स्नायूपेशीवर असतो. एंडोथेलिन तिथे चिकटलं की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आकसतो. बी रिसेप्टर मुख्यतः आतल्या अस्तरावर. तो नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतो आणि स्नायू सैलावतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाने रक्त सोळाव्या हिश्शाइतकंच वाहतं, म्हणजे पेशीवरच्या या रेण्वीय भांडणावर अख्खा माणूस टांगलेला.

त्याच काळात अर्धशिशीवर सुमाट्रिप्टान बाजारात आलं. मेंदूच्या आवरणातल्या धमन्यांवरच्या सिरोटोनिनच्या 1बी रिसेप्टरवर ते नेमकं बसायचं. रिसेप्टर ओळखून औषध बेतता येतं हे त्याने सिद्ध केलं आणि आमच्या विषयाला कॉलर ताठ करता आली. तोवर “बकरीच्या शिरेवरून माणसाचं काय कळणार?” असं मला परिषदेत भर सभागृहात विचारणारे एक ज्येष्ठ सर्जन पुढे त्याच सुमाट्रिप्टानच्या स्लाइड दाखवत फिरू लागले. (शीर आणि धमनी यांतला फरक मात्र त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही.) अर्धशिशीत धमनीचा वाटा किती, यावर पुढे बरंच वादळ उठलं. 2019 मध्ये आलेलं लास्मिडिटान तर धमनी न आकसवताच डोकेदुखी उतरवतं. पण तो वेगळा विषय.

परत क्लॅझोसेंटानकडे. ते एंडोथेलिनच्या ए रिसेप्टरला अडवतं. 2008 च्या ‘कॉन्शस-1’ चाचणीत 413 रुग्ण होते. सर्वांत मोठ्या मात्रेने अँजिओग्रामवरचं आकसणं 65 टक्क्यांनी घटलं. पंचतारांकित हॉटेलांत ती चित्रं पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पडल्या. 2011 मध्ये ‘कॉन्शस-2’ने 1,157 रुग्ण तपासले आणि रुग्णांच्या अवस्थेत म्हणावा असा फरक दिसला नाही, उलट फुप्फुसांत पाणी आणि उतरलेला रक्तदाब पदरात पडले. जपानने 2022 मध्ये त्याला मान्यता दिली, ‘रिअ‍ॅक्ट’ मात्र फसली.

याच्या बरोबर उलटं निमोडिपीनचं. हे रिसेप्टरचं औषध नव्हे, कॅल्शियमची वाट अडवणारं. 1989 च्या ब्रिटिश चाचणीत दर चार तासांनी 60 मिलिग्रॅम, असं 21 दिवस दिल्यावर मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण 33 वरून 22 टक्क्यांवर आलं. आणि अँजिओग्राम? या औषधाने त्यातल्या धमन्या फारशा रुंद झालेल्या दिसत नाहीत. म्हणजे धमनी उघडल्याशिवाय रुग्ण सुधारतो आणि धमनी उघडूनही सुधारत नाही, ही दोन्ही टोकं डोळ्यांसमोर होती. पण चित्रात दिसतात त्या मोठ्या धमन्या. खालच्या बारीक फांद्यांत काय चाललंय ते त्यात येत नाही, आणि स्लाइड तर चित्राचीच होते.

माझा खरा राग पुढचा आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे लार्स एडव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात धमनीचे तुकडे एक-दोन दिवस पोषक द्रावणात ठेवून मग बाथमध्ये टांगले. बी रिसेप्टर, जो सैलावतो म्हणून आम्ही शिकवत आलो, तोच आता स्नायूपेशीवर उगवून धमनी आवळत होता. पुढे रक्तस्राव घडवलेल्या उंदरांतही हेच दिसलं, सिरोटोनिन 1बी रिसेप्टरही वाढलेले आढळले. आजारी धमनी निरोगी धमनीसारखी वागत नाही, तिच्या पेशी स्वतःच बदलतात. हे कुणी आधी कागदावर मांडलं नव्हतं. टांगलेल्या कड्याने दाखवलं.

आमच्या जुन्या विभागात हे बाथ आता नाहीत, वजनावर विकले गेले. पदवीच्या मुलांसाठी प्राणी मारायला माझाही विरोध होता. पण कत्तलखान्यातून आणलेल्या मेंदूसाठी एकही जादा बकरा मरत नव्हता, आणि तो प्रयोगही प्राण्यांवरचे प्रयोग बंद करण्याच्या सपाट्यात गेला. आता मुलं संगणकावर एंडोथेलिनचं बटण दाबतात, रेघ चढते, ‘वॉश’ दाबलं की शहाण्यासारखी उतरते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला धुऊनही न सुटणारी पकड कधी दिसलीच नसावी. प्रवेश परीक्षेच्या गाइडमध्ये दोन ओळींचा तक्ता आहे: ए आकसवतो, बी सैलावतो. तो पाठ केला की गुण मिळतात.

आणि ज्या वर्षी क्लॅझोसेंटान फसलं, त्याच 2023 मध्ये भारतात इस्केमिक स्ट्रोकसाठी सोवाटेल्टाइडला मान्यता मिळाली. हे औषध बी रिसेप्टरला अडवत नाही, चेतवतं. मी एका एम.डी.च्या मुलाला विचारलं, लुंडच्या धमनीसारखा बी रिसेप्टर स्नायूवर उगवला असेल तर हे औषध तिथे काय करेल? त्याने तक्ता आठवला आणि म्हणाला, “मॅम, बी म्हणजे सैलावणारच ना?”