कॅनव्हास

घट्ट विणीचे, जाड व टिकाऊ कापड. तसेच या कापडावरील तैलरंगचित्रासही ही संज्ञा लावतात. ‘कॅनाबिस’ या भांगेच्या लॅटिन नावावरून जुन्या फ्रेंचमार्फत हा शब्द इंग्रजीत व तेथून मराठीत आला. यूरोपात हे कापड प्रथम भांग व अळशी यांच्या वाखापासून विणीत. एकोणिसाव्या शतकात सुती कॅनव्हास प्रचारात आला. हल्ली कृत्रिम धाग्यांचाही वापर होतो.

कॅनव्हासची वीण सामान्यतः साधी, म्हणजे एक धागा वर व एक खाली अशी असते. मात्र धागे जाड, पिळदार व एकमेकांस भिडलेले असतात. त्यामुळे कापड ताण सहन करते, वारा अडवते आणि गुंडाळूनही ठेवता येते. सुताचे व वाखाचे धागे भिजल्यावर फुगतात व विणीतील छिद्रे बुजतात. मेण, पॅराफीन इत्यादींचा लेप दिल्यास ते अधिक जलरोधी बनते. या गुणांमुळे शिडे, तंबू, मालावरील आच्छादने, पिशव्या व बूट यांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. भरतकामाचा कॅनव्हास मात्र विरळ विणीचा व खळ देऊन ताठ केलेला असतो. त्यातील छिद्रे मोजून टाके घालतात. कोटाचा आकार टिकावा म्हणून शिंपी आतून कॅनव्हासचे अस्तर लावतात.

चित्रकलेत कॅनव्हासचा प्रसार विशेषतः सोळाव्या शतकात व्हेनिस येथे झाला. तेथील दमट, खाऱ्या हवेत भित्तिलेपचित्रे टिकत नसत व लाकडी फलक वाकत. उलट शिडांमुळे कापड मुबलक मिळे. चित्रासाठी कापड चौकटीवर ताणून त्यावर प्रथम सरस व नंतर रंगद्रव्याचे अस्तर देतात. सरस न दिल्यास रंगातील तेल धाग्यांत मुरून ते ठिसूळ होतात. हवेतील आर्द्रतेनुसार कापड सैलावते वा ताणले जाते व रंगाच्या थराला तडे जातात. म्हणून जतनासाठी आर्द्रता स्थिर राखावी लागते.

कॅनव्हासमुळे मोठी चित्रेही स्थलांतरक्षम झाली. पण त्यामुळे ती मूळ स्थानापासून दुरावण्याचा व नष्ट होण्याचा धोकाही वाढला. व्हेनिसमधील मठाच्या भोजनगृहासाठी व्हेरोनेझे याने १५६३ मध्ये पूर्ण केलेले, सु. १० मी. रुंदीचे काना येथील विवाहसोहळ्याचे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये पॅरिसला नेले. ते आजही लूव्हर संग्रहालयात आहे. अजिंठ्याच्या झिजत चाललेल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या नकला लंडनला पाठविण्यात आल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. लेण्यांतील मूळ चित्रे मात्र बरीच झिजूनही अद्याप अस्तित्वात आहेत.

लक्षणेने या शब्दाचा अर्थ ‘विस्तृत पार्श्वभूमी’ असाही होतो. मराठी समीक्षेत कादंबरीचा कॅनव्हास व्यापक असल्याचे म्हणतात, तेव्हा कथेतील काळ, समाज व पात्रे यांचा विस्तार अभिप्रेत असतो. वस्त्रवाचक ‘पट’ हा शब्दही मराठीत याच अर्थाने रूढ आहे.