कंपन्यांचा माहितीसंग्रह आणि शोधाची गाळणी

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• कंपन्यांच्या माहितीसंग्रहात कोणती माहिती असते आणि कोणती नसते, हे सांगता येईल.
• कंपनीचा ओळख क्रमांक वाचता येईल.
• एकाहून अधिक गाळण्या एकत्र लावताना होणाऱ्या चुका ओळखता येतील.
• हाती आलेल्या यादीवरून कोणते विधान करता येते व कोणते करता येत नाही, याचा निर्णय घेता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण वृत्तलेखन, अनुवाद आणि माहितीपर लेखन यांचा परिचय करून घेतला आहे. आर्थिक विषयावर मराठीत लिहिणाऱ्याला आज कंपन्यांच्या माहितीसंग्रहाकडे वारंवार वळावे लागते. केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदी, मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांची संकेतस्थळे, तसेच या माहितीची जुळणी करून देणारी खाजगी संकेतस्थळे ही त्याची प्रमुख ठिकाणे होत. या संग्रहांत लाखो नोंदी असतात. त्यांतून नेमके हवे ते वेगळे काढण्यासाठी ज्या अटी आपण लावतो, त्यांना फिल्टर, म्हणजेच गाळणी, असे म्हणतात.

चहाच्या गाळणीतला चोथा आपल्याला दिसतो. संगणकाच्या गाळणीतला चोथा मात्र दिसत नाही. पडद्यावर येते ती फक्त निवडलेली यादी. काय वगळले गेले आणि का, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. म्हणून गाळणी लावता येणे हे निम्मे कौशल्य होय. तिने काय अडवले याचा अंदाज घेता येणे हे उरलेले निम्मे. या घटकात आपण प्रामुख्याने या दुसऱ्या भागाचा विचार करणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ संग्रहाची मर्यादा आधी ओळखावी

एक उदाहरण घेऊ. ‘महाराष्ट्रातील साखर उद्योग’ या विषयावर लेख लिहिण्यासाठी एखादा विद्यार्थी कंपन्यांच्या संग्रहात दोन अटी लावतो : राज्य महाराष्ट्र आणि उद्योग साखर. यादी मिळते. तीत सर्व खाजगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या असतात. त्यावरून तो लिहितो, ‘महाराष्ट्रातील साखर उद्योग हा कंपन्यांच्या हाती आहे.’ त्याने लावलेल्या अटींत काहीही चूक नव्हती, पण निष्कर्ष मात्र सपशेल चुकला.

याचे कारण उघड आहे. प्रवरानगरच्या कारखान्यापासून ज्या सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण घडवले, ते कारखाने कंपनी कायद्याखाली नोंदलेलेच नाहीत. त्यांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखाली, सहकार खात्याकडे असते. जी नोंद संग्रहातच नाही, ती कोणत्याही गाळणीतून बाहेर येणार नाही. हीच गोष्ट पतसंस्था, दूध संघ आणि भागीदारी पेढ्या यांनाही लागू आहे.

म्हणून पहिली अट लावण्यापूर्वीच स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी ज्याचा शोध घेत आहे, ते सारे या संग्रहात असणे शक्य आहे काय?

२.२ ओळख क्रमांक कसा वाचावा

भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक दिला जातो. टाटा स्टील या कंपनीचा क्रमांक देवनागरीत असा लिहिता येईल : एल २७१०० एमएच १९०७ पीएलसी ०००२६०. त्याचे सहा भाग पडतात.

• पहिले अक्षर : ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध, ‘यू’ म्हणजे असूचिबद्ध.
• पुढील पाच अंक : उद्योगाचा संकेतांक. येथे तो पोलाद उद्योगाचा आहे.
• पुढील दोन अक्षरे : नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य. महाराष्ट्रासाठी ‘एमएच’, गोव्यासाठी ‘जीए’.
• पुढील चार अंक : स्थापनेचे वर्ष.
• पुढील तीन अक्षरे : कंपनीचा प्रकार. ‘पीएलसी’ म्हणजे सार्वजनिक मर्यादित, ‘पीटीसी’ म्हणजे खाजगी मर्यादित.
• शेवटचे सहा अंक : नोंदणी क्रमांक.

राज्य, वर्ष, उद्योग आणि प्रकार या गाळण्या बहुधा याच माहितीवर चालतात. म्हणून या प्रत्येक भागाचा नेमका अर्थ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

राज्याचे उदाहरण पाहा. टाटा स्टीलच्या क्रमांकात महाराष्ट्र आहे, कारण तिचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आहे. तिचा मूळ कारखाना मात्र झारखंडमधील जमशेदपूर येथे आहे. राज्याची गाळणी कार्यालयाचा पत्ता पाहते. धूर कोठल्या धुराड्यातून निघतो, हे ती पाहत नाही. ‘महाराष्ट्रातील कंपन्या’ आणि ‘महाराष्ट्रात उत्पादन करणाऱ्या कंपन्या’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देता येत नाही.

उद्योगाच्या संकेतांकाबाबत अधिक सावध राहावे लागते. रिलायन्स इंडस्ट्रीज या कंपनीच्या क्रमांकातील संकेतांक १७११० असा आहे. तो वस्त्रोद्योगाचा आहे, कारण कंपनीची वाटचाल कापडापासून सुरू झाली. पुढे ती खनिज तेल, रसायने, दूरसंचार आणि किरकोळ विक्री अशा क्षेत्रांत गेली, तरी क्रमांकातील जुनी खूण तशीच राहिली. या संकेतांकावर ‘खनिज तेल’ अशी गाळणी लावणाऱ्याच्या यादीतून देशातील एक सर्वांत मोठी तेलशुद्धीकरण कंपनी निसटून जाईल. शेअर बाजारांची उद्योगवार वर्गवारी वेगळी असते. म्हणून उद्योगाची अट लावताना ती कोणत्या वर्गवारीवर आधारलेली आहे, हे पाहावे.

२.३ नावाने शोध : लिप्यंतराची अडचण

मराठीच्या विद्यार्थ्याला ही अडचण इतरांपेक्षा लवकर उमगेल. संग्रहांत कंपन्यांची नावे रोमन लिपीत असतात आणि आपल्या नावांचे रोमन लेखन एकसारखे नसते. ‘लक्ष्मी’ या नावातील ‘क्ष’साठी कोणी ‘एक्स’ हे एकच अक्षर वापरतो, कोणी ‘के’, ‘एस’, ‘एच’ ही तीन अक्षरे वापरतो. शेवटच्या ‘मी’साठी कोणी एक ‘आय’ लिहितो, तर कोणी दोन ‘ई’. संपूर्ण नाव टाकून शोध घेतला आणि काही मिळाले नाही, तर ‘अशी कंपनी अस्तित्वात नाही’ असे म्हणण्याची घाई करू नये. नावाचा जो भाग कोणत्याही लेखनात बदलत नाही, तेवढाच टाकावा आणि राज्य व स्थापनेचे वर्ष या अटींनी यादी आटोक्यात आणावी. ओळख क्रमांक ठाऊक असेल तर नावाऐवजी तोच वापरणे सर्वांत उत्तम.

२.४ ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’

दोन अटींमध्ये ‘आणि’ असेल तर यादी आखडते, ‘किंवा’ असेल तर ती फुगते. बोलण्यात आपण हा भेद सैलपणे पाळतो. ‘पुणे आणि नाशिक येथील कंपन्या दाखवा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु संगणकाला ‘जिल्हा पुणे आणि जिल्हा नाशिक’ असे सांगितले तर तो दोन्ही अटी एकाच नोंदीत शोधतो. नोंदणीकृत कार्यालय एकाच जिल्ह्यात असते, त्यामुळे यादी रिकामी येते. येथे आपल्या मनात ‘किंवा’ असतो.

‘वगळून’ ही अट जपून वापरावी. कंपनीच्या स्थितीचे उदाहरण घ्या. नोंदींमध्ये सक्रिय, विलीन झालेली, अवसायनात असलेली, नोंदवहीतून नाव काढून टाकलेली अशा निरनिराळ्या स्थिती असतात. आजचे चित्र पाहायचे असेल तर ‘सक्रिय’ ही गाळणी योग्य आहे. परंतु ‘२०१० साली सुरू झालेल्या कंपन्यांचे पुढे काय झाले?’ असा प्रश्न असेल तर तीच गाळणी आपली दिशाभूल करते. बंद पडलेल्या सर्व कंपन्या आधीच वगळल्या गेल्यामुळे उरलेल्या यादीत सारेच यशस्वी दिसतात. एकट्या २०१७ या वर्षात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे शासनाने नोंदवहीतून काढून टाकली, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे आकारमान कळून येईल.

२.५ आकड्यांच्या गाळण्या

आर्थिक आकड्यांवर अट लावताना पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

(अ) एकक : आकडा लाखांत आहे, कोटींत आहे की दशलक्षांत? एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. एककाचा घोळ झाला तर अट दहापटीने किंवा शंभरपटीने चुकते.

(आ) कालखंड : भारतातील कंपन्यांचे आर्थिक वर्ष सामान्यतः १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. साखरेसारख्या हंगामी उद्योगात एका तिमाहीची तुलना लगतच्या तिमाहीशी न करता मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी करावी.

(इ) स्वतंत्र की एकत्रित : मूळ कंपनीचे स्वतःचे आकडे आणि उपकंपन्यांसह एकत्रित आकडे यांत मोठी तफावत असू शकते. एका कंपनीचे स्वतंत्र आणि दुसरीचे एकत्रित आकडे शेजारी ठेवणे ही तुलनाच नव्हे.

(ई) रिकामी आणि ऋण मूल्ये : शेअरच्या किमतीला प्रतिशेअर उत्पन्नाने भागले असता किंमत-उत्पन्न गुणोत्तर मिळते. ‘हे गुणोत्तर १० पेक्षा कमी’ अशी अट लावून स्वस्त शेअर शोधण्याची पद्धत आहे. तोट्यातील कंपनीच्या बाबतीत हे गुणोत्तर निरर्थक ठरते. काही ठिकाणी ते ऋण दाखवले जाते. उणे पाच हा आकडा दहापेक्षा लहानच असल्याने तोट्यातील कंपनी ‘स्वस्त’ म्हणून यादीत शिरते. म्हणून ‘० पेक्षा अधिक’ ही दुसरी अट सोबत जोडावी.

एवढी काळजी घेऊनही एक मर्यादा उरते. गाळणी कंपनीने जाहीर केलेले आकडे पाहते, त्यांचा खरेपणा पाहत नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी आपल्या कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षे फुगवल्याची कबुली दिली. ताळेबंदातील पाच हजार कोटी रुपयांहून अधिक रोख शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. त्याच्या आदल्या आठवड्यात ‘भरपूर रोख शिल्लक’ अशी गाळणी कोणी लावली असती, तर ती कंपनी त्या गाळणीतून सुखरूप पार पडली असती.

२.६ नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे

या विषयाचा आपल्या घरांशी थेट संबंध येतो, तो ठेवींच्या प्रश्नात. ‘आमची कंपनी सरकारदरबारी नोंदलेली आहे’ असे सांगून दामदुप्पट परताव्याचे आमिष दाखवणारी माणसे गावोगावी येतात. निवृत्त शिक्षकाची किंवा शेतजमीन विकलेल्या कुटुंबाची पुंजी अशा वेळी पणाला लागते. शंका आलेला एखादा शिकलेला मुलगा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतो. कंपनीचे नाव सापडते, स्थितीही ‘सक्रिय’ असते. तो घरी येऊन सांगतो, ‘कंपनी खरी आहे.’

त्याचे उत्तर बरोबर आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. कंपनी म्हणून झालेली नोंदणी ही तिच्या अस्तित्वाची खूण होय. लोकांकडून ठेवी घेण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही. बँकेतर वित्तीय कंपन्यांची नोंदणी भारतीय रिझर्व्ह बँकेकडे करावी लागते आणि त्यांपैकीही सर्वांना लोकांच्या ठेवी स्वीकारण्याची मुभा नसते. ज्यांना ती आहे, त्यांची यादी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. लोकांचा पैसा एकत्र करून चालवल्या जाणाऱ्या सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी ‘सेबी’कडे नोंदणी लागते. बेकायदा ठेवींबाबत माहिती घेण्यासाठी व तक्रार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. तात्पर्य, येथे शोध एका संग्रहात संपत नाही. पहिल्या संग्रहातील होकार दुसऱ्या संग्रहात पडताळून घ्यावा लागतो.

२.७ शोधाची नोंद कशी ठेवावी

प्रत्येक शोधाच्या वेळी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : कोणता संग्रह, कोणती तारीख, कोणत्या अटी, त्या कोणत्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येक अटीनंतर किती नोंदी उरल्या. एखाद्या अटीने संख्या अचानक कोसळली तर तेथे थांबावे, ती अट काढून पाहावी आणि वगळलेल्या नोंदींपैकी चार-पाच उघडून वाचाव्यात. शिवाय जी कंपनी यादीत असायलाच हवी अशी आपली खात्री आहे, तिचे नाव यादीत आहे काय, हेही पाहावे. ती नसेल तर दोष बहुधा आपल्या अटीत असतो.

आपली प्रगती तपासा

१. ओळख क्रमांकातील ‘यू’ आणि ‘पीटीसी’ यांवरून कंपनीविषयी काय कळते?
२. ‘जिल्हा सांगली आणि जिल्हा सातारा’ अशी अट लावल्यास यादी रिकामी का येते?
३. ‘सक्रिय’ ही गाळणी केव्हा दिशाभूल करते?

३. सारांश

गाळणी म्हणजे संग्रहाला विचारलेला प्रश्न होय. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर उपयोगी. मात्र ते उत्तर त्या प्रश्नापुरते आणि त्या संग्रहापुरतेच असते. सहकारी कारखाना कंपन्यांच्या संग्रहात सापडत नाही, जुना संकेतांक नव्या व्यवसायाची साक्ष देत नाही आणि नोंदणी ही परवानगी ठरत नाही. म्हणून यादी हाती आल्यावर ‘यात काय आहे?’ याबरोबरच ‘यात काय येऊ शकले नाही?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. लेखात विधान करताना शोधाच्या अटीही वाचकाला सांगाव्यात; तो प्रामाणिक लेखनाचाच भाग आहे.

४. सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील कोणत्याही एका कंपनीचा ओळख क्रमांक मिळवा, त्याचे सहा भाग पाडा आणि त्यांतील कोणता भाग आजच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही, ते लिहा.
२. आपल्या जिल्ह्यातील एका उद्योगावर दोनशे शब्दांचे टिपण लिहा. त्यात कोणत्या संस्था कंपन्यांच्या संग्रहात सापडणार नाहीत, याचा स्वतंत्र परिच्छेद असावा.
३. ‘कंपनी नोंदलेली आहे, म्हणून ठेव सुरक्षित आहे’ या विधानातील तर्कदोष सोप्या मराठीत, घरातील वडीलधाऱ्यांना समजेल अशा भाषेत स्पष्ट करा.