गोंदियाचा आकडा कुठे आहे?

नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला मदत कशी करावी, याचा महाराष्ट्रातला बहुतेक अभ्यास मुंबईत झाला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि तिथे समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. त्यातून हाती लागलेली गोष्ट साधी, पण मोलाची: पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात येते, आणि केसपेपरवरच्या ‘घरात पडली’ या शब्दांमागे काय आहे हे कुणीतरी विचारावे लागते. विशेष कक्ष पुढे राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नेले, ऑक्टोबर २००६ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू झाला, २०१५ पासून एकाच जागी सगळी मदत देणाऱ्या ‘सखी’ केंद्रांची योजना आली. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदियाच्या वाट्याला हे सगळे तयार नमुना म्हणून आले.

मात्र नमुन्यामागचा अभ्यास जिल्ह्यापर्यंत पोचला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हा भाग मोजक्याच घरांत विचारला जातो, म्हणून त्याचे आकडे राज्यापाशी थांबतात. सालेकसा, देवरी या तालुक्यांचे सोडाच, गोंदिया जिल्ह्याचाही वेगळा आकडा त्यात नाही. त्याहून बोचरी गोष्ट देशपातळीवरची आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या स्त्रिया २००५-०६ मध्ये २४ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये १४ टक्के. त्यांतही बहुतेकींची धाव माहेरापर्यंतच. कायदा आणि केंद्रे वाढली त्याच काळातली ही घसरण आहे. केंद्रात आलेल्या बाईचे पुढे काय झाले हे आपण बरेच अभ्यासले, न येणारीकडे मात्र फारसे पाहिले नाही.

यावर म्हटले जाते की गोंदियाचे वेगळे आहे: २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, धानाच्या रोवणीत बाईचाच हात. पण कमावत्या स्त्रियांनी हिंसा अधिक नोंदवली, असे तेच कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. न विचारलेले दुखणे नसलेलेच धरले जाते. दुसरा आक्षेप पैशाचा: अभ्यास कशाला, समुपदेशक नेमा. नेमाच, पण त्या कुठे बसवायच्या? ठाण्याजवळ बसवल्या तर मदत मागणाऱ्या थोड्याच भेटतील. माझ्या मते पहिली जागा म्हणजे गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयातली गरोदर मातांची तपासणी. औरंगाबाद आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर-परिचारिकांना अशा हिंसेबद्दल विचारण्याचे प्रशिक्षण देऊन अभ्यास झालेला आहे, आणि गोंदियातही २०१६ पासून तसे महाविद्यालय आहे. तिसरा आक्षेप खरा आहे: विचारल्याने बाईचा धोका वाढू शकतो. सासू शेजारी बसलेली असताना हा प्रश्न विचारणे म्हणजे घात. म्हणून आधी दार लागणारी एक खोली हवी, सोबतच्या माणसाला बाहेर थांबवण्याचा सगळ्यांना सारखा नियम हवा, आणि तिच्या हाती परत जाणाऱ्या कार्डावर या बोलण्याची एकही नोंद नको.