पुसलेला शिक्का

जुन्या पुस्तकांचा बाजार हा गरीब विद्यार्थ्याचा मोठाच आधार. परवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर अर्थशास्त्राचा एक ग्रंथ हाती आला. किंमत माफक, परंतु ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला, ‘रद्द’ असा शेरा कोठेही नाही. मालविक्री कायद्याच्या (१९३०) २७ व्या कलमानुसार, विक्रेत्याकडे नसलेली मालकी ग्राहकाला सहसा मिळत नाही. पण कायद्याहून अर्थशास्त्राचा निर्वाळा अधिक स्पष्ट आहे : गिऱ्हाईक आहे म्हणूनच चोरी परवडते. आपले शे-दोनशे रुपये वाचतात. कपाटापुढून रिकाम्या हाताने परततो तोही गरीब विद्यार्थीच. ग्रंथ हवा होता, तरी मी तो जागेवर ठेवला. किंमत विचारण्यापूर्वी पहिले पान पाहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.